गालिच्याला न्हाऊ घालण्यापूर्वी

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के जकात बसविली, तेव्हा भदोही-मिर्झापूरच्या गालिचा विणकरांपुढील संकटाविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु गाठीमागून गाठ मारून महिनोन्‌महिने विणलेला तो लोकरी गालिचा ज्यांच्या दिवाणखान्यात आधीच अंथरलेला आहे, त्यांनी त्याची निगा कशी राखावी याची चर्चा क्वचितच होते, आणि दिवाळीची आवराआवर निघाली की कढत पाणी व साबणाची पूड घेऊन त्याचा छळ सुरू होतो.

लोकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घर्षण ही तिन्ही एकत्र आली म्हणजे ते परस्परांत गुंततात आणि मऊ लव आटून तिचा नमदा होतो. धुण्याचा सोडा तंतूतील प्रथिन क्षीण करतो, तर क्लोरीनयुक्त ब्लीच लोकर चक्क विरघळवते. विणकाम संपल्यावर कारखान्यात गालिचा मुबलक पाण्याने धुतात हे खरे, पण तेथे लाकडी फळ्यांनी पाणी लोटून काढणारे कसबी हात, मोकळे आवार आणि कडक ऊन असते. सदनिकेच्या गॅलरीत यांपैकी काहीच नसल्यामुळे वरची लव कोरडी भासली तरी बुडाच्या सुती ताण्यात मुरलेली ओल तशीच राहते, आणि सूत आतल्या आत कुजते.

माझ्या मते घरच्या घरी करावयाची खरी सेवा कोरडीच आहे. पावलांबरोबर आलेली बारीक रेती गाठींच्या मुळाशी जाऊन बसते आणि प्रत्येक पावलागणिक तंतू कातरीत राहते. गालिचा स्वच्छ फरशीवर पालथा घालून पाठीवर वेताची छडी बेताने चालवावी व मग तो उचलून पाहावे; वरून निर्मळ दिसणाऱ्या लवेतून गळलेली करडी रेती बोटांना खरखरीत लागते. ती गळायची थांबेपर्यंत हे काम पुनःपुन्हा करावे. व्हॅक्यूम फिरवायचा तर त्याचा फिरता ब्रश बंद ठेवून, लवेच्या कलाने, झालर वगळून.

कोचाखालच्या अंधारात कसर लागते. उडणारा पतंग काही खात नाही. लोकर फस्त करतात त्या अळ्या, म्हणून कोच हलवून तेथील भागाला वरचेवर उजेड, वारा आणि झाडू लाभलाच पाहिजे.

चहा सांडला तर पांढऱ्या सुती फडक्याने दाबून टिपावा, चोळू नये. पाणी लावण्यापूर्वी एखाद्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून धरावे, आणि त्यावर रंग उतरलेला दिसला तर घरगुती उपाय तत्काळ तहकूब करून गालिचा जाणत्या कारागिराच्या स्वाधीन करावा.