शिक्षकांच्या मोबाईलची सुरक्षा: दोन तासांची सेवा कशी द्यायची?

मोबाईलची चांगली माहिती आहे पण हाताशी भांडवल नाही, अशांसाठी आजचा विषय: प्राथमिक शिक्षकांना सायबर स्वच्छता शिकवणं. सायबर स्वच्छता म्हणजे रोज दात घासतो, तशी फोनची आणि पासवर्डची काळजी.

गरज काय? जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंच्या एका फोनमध्ये काय काय असतं बघा. पगाराच्या खात्याचं ॲप, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, मुलांच्या आधार कार्डांचे फोटो, यू-डायसचा पासवर्ड. लग्नपत्रिका किंवा ई-चलान म्हणून आलेली एपीके फाईल इन्स्टॉल झाली, की एसएमएसवर येणारे ओटीपीसुद्धा चोराच्या हाती लागू शकतात. मग बाईंच्या नावाने ग्रुपवर "अर्जंट पैसे पाठवा" आलं तर? बाईंवर विश्वास म्हणून पालक पाठवूनही देतील! नुकसान एकट्या बाईंचं राहत नाही.

म्हणून भाषण नको, तिथल्या तिथे करून घ्या:

1. व्हॉट्सॲपची टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करणं आणि लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी काही दिसलं तर काढणं.
2. शाळेचा, ईमेलचा, बँकेचा पासवर्ड वेगवेगळा ठेवणं.
3. काम झालं की मुलांच्या कागदपत्रांचे फोटो गॅलरीतून आणि ट्रॅशमधूनही काढणं.
4. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे पक्कं करणं.
5. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 ला फोन. हा नंबर तिथेच सेव्ह करून घ्या. जितका उशीर, तितके पैसे अडवणं अवघड.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिक्षकांचा फोन हातात घेऊ नका, पासवर्ड विचारू नका. "मॅडम, तुम्हीच करा, मी सांगतो" म्हणा. "पिन कोणालाही सांगू नका" असं शिकवणाराच पिन मागू लागला, तर धंदा तिथेच संपला. या कामात विश्वास हेच तुमचं भांडवल आहे.

सुरुवात कुठून? केंद्रप्रमुखांना भेटा, शिक्षण परिषदेत अर्धा तास मागा. तो मोफत द्या. फीचं काम खाजगी प्राथमिक शाळांकडून मिळवा. दोन तासांचं सत्र आणि महिन्याभराने एक फेरतपासणी, असं पॅकेज ठेवा.

आणि हो, आधी वरची पाचही कामं स्वतःच्या फोनवर करा. आजच!