चारही चाकांस जोर देणारी जुनी गाडी

हळदीचे पैसे हातीं आले कीं सहकुटुंब माहूर-चिखलदरा करण्यासाठीं जुनी गाडी घ्यावी, असें हिंगोलीकडील पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनांत येतें. आमचें सांगणें इतकेंच कीं, नुसत्या नांवावर जाऊं नये. बहुतेक बोलेरो गाड्यांत जोर मागील दोनच चाकांस असतो. चारही चाकांचा जोर हवा असल्यास त्याचा वेगळा दांडा किंवा बटण आहे कीं नाहीं तें पाहावें, व ओल्या काळ्या रानांत तो प्रत्यक्ष लावून खात्री करावी. अशा बहुतेक जुन्या गाड्यांत कोरड्या डांबरावर तो जोर लावून वळणें घेऊं नयेत. पुढचीं-मागचीं चाकें एकमेकांशीं झगडून दंतचक्रें खराब होतात. चालवितांना खालून खडखड ऐकूं आल्यास गाडी सोडून द्यावी.

सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना न वाचतां जमीन कोणी घेत नाहीं. मग नोंदणी-पुस्तकांतील कर्जाचा बोजा न पाहतां वर्षाची कमाई कशी मोजावी? बोजा असल्यास फॉर्म ३५ व बँकेचा ना-हरकत दाखला, आणि मालकी-बदलाचे फॉर्म २९ व ३० हे सह्यांनिशीं पैसे देण्यापूर्वींच घ्यावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढें दर ५ वर्षांनीं नूतनीकरण. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती बहुधा याचमुळें.

आसनेंहि पाहावीं. मागील आडव्या बांकांवर म्हातारीं माणसें माहूरपर्यंत बसूं शकत नाहींत.