खिशातलं पिस्तूल : मालक काय सांगतात?

नवा मोबाइल घ्यायचा तर आपण दहा जणांना विचारतो. बाइकचं मायलेज, फ्लॅटचा कार्पेट एरिया, अगदी मिक्सरची वॉरंटीसुद्धा! पण समजा, उद्या कुणी तुम्हाला विचारलं, "बजेटमधलं, रोज जवळ बाळगता येईल असं छोटं पिस्तूल कोणतं घेऊ?" तर? माझी तर बोलतीच बंद झाली.

विचारणारा माझा चुलतभाऊ. सेलूला मोंढ्यात आडतीचं दुकान सांभाळतो. कापसाचा सीझन लागला की रात्री उशिरा पैशाची बॅग घेऊन एकट्यानं घरी जातो. घरी चार वर्षांची मुलगी. "दादा, तू पुण्यात राहतोस, जरा चौकशी कर की," म्हणाला. मग मी चौकशी केली, पण पुण्यात नाही. सुट्टी टाकून गावी गेलो आणि ज्यांच्याकडे लायसन्सचं हत्यार आहे अशा सेलू-परभणीकडच्या ओळखीच्या लोकांनाच गाठलं. नावं छापायची नाहीत, या अटीवर मंडळी मोकळी बोलली.

शोरूममध्ये चॉइस किती?

हॉलिवूडचे पिक्चर बघून डोक्यात जे मॉडेल असेल ते आधी काढून टाका. आपल्याकडे सामान्य माणसाला ९ एमएमचं पिस्तूल मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर आहे. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८०च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे जुनं इम्पोर्टेड पिस्तूल कुणाकडे असेल तर ते लाखांच्या भावात हात बदलतं. बाकी पब्लिकसाठी मुख्य पर्याय म्हणजे सरकारी कारखान्यांचा माल. .३२ बोअरचं पिस्तूल, नाहीतर .३२चं रिव्हॉल्व्हर. पूर्वी हे कारखाने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाकडे होते. १ ऑक्टोबर २०२१ला बोर्डाचं विसर्जन झालं आणि हत्यारांचं काम कानपूरच्या 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या सरकारी कंपनीकडे गेलं.

हलकं आणि सुटसुटीत हवं असणाऱ्यांसाठी जानेवारी २०१४मध्ये कानपूरचं 'निर्भीक' आलं. साधारण ५०० ग्रॅमचं, महिलांसाठी म्हणून गाजावाजा झालेलं, दागिन्यांच्या डबीसारख्या खोक्यात. किंमत मात्र तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास! म्हणजे ज्या नोकरदार मुलीसाठी ते बनवलं, तिचे कित्येक महिन्यांचे पगार. पुढं ईशापूरच्या कारखान्यानं .२२ बोअरचं 'निडर' काढलं, वजन जेमतेम पाव किलो आणि किंमत त्या वेळी पस्तीस हजारांच्या घरात. ऑगस्ट २०२३मध्ये 'प्रबल' हे नवं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं.

वापरणाऱ्यांचा फीडबॅक

पेट्रोल पंपवाल्या काकांकडे .३२चं पिस्तूल आहे. "चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही. पण याचे लाड लई. तेलपाणी वेळेवर नाही केलं की अडकतं. अन् सराव करायचा कुठं? गावात रेंज नाही, गोळ्या महाग, अन् किती घ्यायच्या तो आकडा लायसन्सवर लिहिलेला."

जिनिंगवाल्या शेठजींची पसंती रिव्हॉल्व्हरला. त्यांचं लॉजिक सरळ आहे: एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा ट्रिगर दाबायचा, पुढची गोळी समोर येते. तक्रार वजनाची. पाऊण किलोच्या आसपासचं लोखंड म्हणजे कमरेला तीन-चार मोबाइल बांधल्यासारखं. "पहिला महिना रुबाब वाटला. मग लग्नात जेवायला बसलो तरी हात कमरेवर. बाथरूमला जाताना टेन्शन. आता वर्षातले अकरा महिने तिजोरीत पडून असतं," ते हसत म्हणाले. (एक टेक्निकल गोष्ट त्यांनीच सांगितली: पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर, दोन्हींना '.३२' म्हणत असले तरी गोळ्या वेगळ्या. एकाची दुसऱ्यात चालत नाही.)

इलेक्शनचा विषय निघाला की सगळ्यांचा एकच सूर. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून हत्यार जमा करण्याची नोटीस येते. २०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही झाल्या. "म्हणजे संरक्षणासाठी घेतलेली वस्तू त्या वर्षी दोनदा ठाण्यात!" हे पंपवाल्या काकांचं गणित.

सगळ्यात वेगळं मत परभणीच्या एका डॉक्टर ताईंचं. वडील गेल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर घरात राहिलं. लायसन्स वडिलांच्या नावावर, त्यामुळे वारसांना ते तसंच ठेवून चालत नाही. एकतर स्वतःच्या नावावर परवाना मागायचा, नाहीतर जमा करायचं. ताईंनी जमा केलं. "घरात लहान मुलं येतात. माझी झोप रिव्हॉल्व्हर गेल्यावर जास्त चांगली झाली," त्या शांतपणे म्हणाल्या.

कागदपत्रांचा फंडा

वय किमान २१. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग पोलिसांची चौकशी आणि रिपोर्ट. हत्यार का हवं, याचं पटणारं कारण द्यावं लागतं. २०१६च्या नियमांप्रमाणे सुरक्षित हाताळणीचं ट्रेनिंग घ्यावं लागतं आणि घरी हत्यार नीट कुलपात कसं ठेवणार हेही सांगावं लागतं. एक इंटरेस्टिंग तरतूद: मालमत्ता पुरेशी नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही! नकार आला तर परभणीकरांना अपील विभागीय आयुक्तांकडे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं आणि परवान्याची मुदत पाच वर्षं. वरातीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पब्लिक प्लेसमध्ये पिस्तूल होल्स्टरमध्येच हवं, नाचवायचं नाही.

आणि हो, लायसन्स म्हणजे गोळी झाडण्याचं लायसन्स नव्हे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४मध्ये आहे, पण बचावाला गरजेपेक्षा जास्त इजा केली तर तो हक्क तिथंच संपतो. बॅग हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात उभे तुम्ही.

रिस्क कुणाला?

१ ऑक्टोबर २०२४ला अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, जुहूच्या घरात, पहाटे. चोर नाही, दरोडा नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४च्या मस्साजोग हत्येनंतर शस्त्र परवान्यांची छाननी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. म्हणजे कमरेला पिस्तूल हा जिथं स्टेटस सिम्बॉल होतो, तिथं सामान्य माणूस जास्त सेफ होतो असं नाही.

हे सगळं मी भावापुढं मांडलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, समजा दोघं गाडीवर आले अन् मागून धक्का दिला, तर मला काढायला टाइम भेटंल का?" हा प्रश्न मी माजी सैनिक असलेल्या एका सिक्युरिटी गार्डला विचारला होता. त्याचं उत्तर होतं, "रोज सराव असंल तर कदाचित. नसंल तर ते पिस्तूल बॅगेसोबत त्यांचंच." भावानं अर्ज अजून केलेला नाही. आधी बॅगच हलकी करायचं ठरवलंय: मोठी पेमेंट थेट खात्यावर, उरलेली कॅश उजेडातच बँकेत, आणि सीझनमध्ये सोबतीला एक माणूस.

तरी ज्यांना घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी, मालकांच्या बोलण्यातून निघालेली चेकलिस्ट:

- वर्षातून किती वेळा सराव करणार? उत्तर 'बघू' असेल तर थांबा.
- किमतीत तिजोरी, होल्स्टर, गोळ्या आणि रिन्यूअलच्या चकरा धरा.
- घरात लहान मुलं असतील तर कुलपाची किल्ली कुणाकडे, हे आधी ठरवा.
- चटकन राग येतो? दोन पेग लागतात? मग हा विषय विसरा.

मोबाइल आवडला नाही तर एक्स्चेंज करता येतो. झाडलेली गोळी परत घेणारी स्कीम अजून कुणी काढलेली नाही.