रुमालाखालचा भाव

जुन्या काळी आपल्याकडील गुरांच्या व शेतमालाच्या बाजारांत एक चमत्कारिक पद्धत रूढ होती. दलाल आणि खरेदीदार हातांवर रुमाल टाकीत व त्याखाली बोटे दाबून भाव ठरवीत. मालाचा धनी शेतकरी समोर उभा असे. पण रुमालाखाली काय चालले आहे, ह्याचा त्याला पत्ता नसे. पुढे बाजारनियमनाच्या कायद्यांनी ही पद्धत त्याज्य ठरवून उघड लिलाव आणला. ऑनलाइन खरेदीच्या भवितव्याचा विचार करताना ह्या रुमालाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.

न पाहिलेला माल दुरून मागविणे आपल्याला नवे नाही. टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी.ची सोय केली, आणि पुढे गावोगावचे वाचक टपालवाल्याला पैसे देऊन पुस्तके सोडवून घेऊ लागले. २०१० साली फ्लिपकार्टने माल हाती आल्यावर पैसे घेण्याची जी सवलत दिली, ती ह्या व्ही. पी.चीच नवी आवृत्ती होय. २०१६ साली यूपीआय आले आणि पैसे पोचविण्याची अडचणही बहुतांशी दूर झाली.

परंतु पैशाचा प्रश्न सुटला तरी निवडीचा प्रश्न उरतोच. पेठेतील दुकानात शिरलेल्या सर्व गिऱ्हाइकांना एकच मांडणी दिसते. ऑनलाइन दुकानाची गोष्ट निराळी आहे. आपण पूर्वी काय घेतले, कोणत्या वस्तूपाशी किती वेळ रेंगाळलो, ह्याची नोंद ठेवून संगणक प्रत्येकासाठी वेगळी मांडणी करू शकतो. कोणती वस्तू वर आणावयाची हे ठरविताना विक्रेत्याने जाहिरातीसाठी मोजलेला पैसाही जमेस धरला जातो. हजारो वस्तूंपैकी आपण बहुधा पहिल्या दहा-वीसच पाहतो. म्हणजे निवड आपली असली, तरी आपल्यापुढे काय यावे हे आधीच दुसऱ्याने निवडलेले असते.

हा नवा रुमाल उचलण्याचे यत्न आपल्या देशात सुरू झाले आहेत. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार वस्तूंचा क्रम कोणत्या प्रमुख निकषांवर लावला, हे ऑनलाइन बाजारपेठांनी ग्राहकाला सांगितले पाहिजे. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत दिली पाहिजे. खोटी घाई दाखविणे, न मागितलेली वस्तू यादीत घुसडणे अशा तेरा फसव्या युक्त्यांना २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रतिबंध केला आहे.

दुसरा यत्न अधिक मूलगामी आहे. यूपीआयमध्ये देणारा एका ॲपवर व घेणारा दुसऱ्या ॲपवर असला, तरी व्यवहार अडत नाही. तेच तत्त्व व्यापाराला लावण्यासाठी ‘ओएनडीसी’ ह्या खुल्या जाळ्याची कंपनी २०२१ च्या अखेरीस स्थापन झाली, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये पाच शहरांत प्रयोगास आरंभ झाला. ह्या जाळ्यात खरेदीदार व विक्रेता ह्यांना एकाच पेढीच्या ओट्यावर यावे लागत नाही. दोन्हीकडील ॲप एका समान संकेतभाषेने एकमेकांशी बोलतात. लहान दुकानदारालाही कोणा एकाच बाजारपेठेचे मिंधे न होता गिऱ्हाइकापर्यंत पोचता यावे, असा ह्यामागील हेतू आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक दाराशी आला आहे. “महिन्याचे वाणसामान भर,” असे आपण मराठीत सांगावे आणि त्याने भाव ताडून, वस्तू निवडून मागणी नोंदवावी, हे आता कल्पनेच्या कक्षेतले राहिलेले नाही. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, किंवा ज्याची दृष्टी अधू आहे, त्याला ही सोय वरदान ठरेल. मात्र पहिल्या दहा-वीस वस्तूंऐवजी एकच वस्तू समोर आली, तर तुलना करण्याची उरलीसुरली संधीही जाईल. म्हणून ह्या साहाय्यकाला दोन प्रश्न विचारण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला पाहिजे: हीच वस्तू का निवडलीस, आणि तुझी दलाली कोण देतो? उत्तर ग्राहकाला कळेल अशा भाषेत देणे कायद्याने बंधनकारक झाले, तरच तो साहाय्यक ग्राहकाचा राहील. एरवी तो विक्रेत्याचा अडत्या होऊन आपल्या घरात वावरेल.