रातचं कोरड्यास आणि शाळूची भाकरी
(लेखमाला : ताटामागची शेती, भाग ६)

मागच्या भागात न्याहारी पाहिली. त्या न्याहारीतली शिळी भाकरी आदल्या रात्रीच थापलेली असते, म्हणून आज रातच्या जेवणाकडे वळू. ठिकाण खर्डा, तालुका जामखेड. बीड आणि धाराशिव दोन्ही जिल्ह्यांची हद्द इथून जवळ.

दिवेलागणीला इथल्या घरात ‘आज काय करायचं’ असं कुणी विचारत नाही. ‘कोरड्यास काय करायचं’ असं विचारतात. भाकरी ठरलेलीच. कोरड्यास म्हणजे तिच्याबरोबरचं कालवण: पिठलं, उडदाचं घुटं, शेंगदाण्याची आमटी, थंडीत हुलग्याचे शेंगोळे. या यादीत उडीद, हुलगा, हरभरा सगळे कमी पावसाचे सोबती आहेत, हे लक्षात घ्या.

आता परातीजवळ बसू. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून कढत पाणी घालायचं. त्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. दळण जुनं असेल तर कितीही मळा, थापताना कडा फुटतात. ‘विरी गेली पिठाची’ असं म्हणून भाकरी थापणारी मावशी पीठ बाजूला सारते. म्हणून दळण थोडं थोडं, आठवड्यापुरतं. भाकरी तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते. तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत ती उलथायची. इथं उशीर झाला की चिरा पडतात. वेळ साधली तर आरावर धरताच पापुद्रा टम्म सुटतो. हे कौशल्य रोजच्या सरावानं हातात बसतं, त्याचा कागद कुठं मिळत नाही.

ही ज्वारी येते कुठून? बालाघाटच्या डोंगररांगेजवळचा हा पर्जन्यछायेचा टापू. पावसाळ्यात बाजरी आणि उडीद, आणि परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात मुरली की सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरतात. पुढं पाऊस नसला तरी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर पीक उभं राहतं. अशा रानाला मानवणारी मालदांडी. तिच्यातून मोहोळच्या केंद्रावर निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण आजही शेतकरी मागतात. दाणा टपोरा, भाकरी पांढरी आणि गोड, आणि कडबा जनावरांना. माणसाचं आणि बैलाचं रातचं जेवण एकाच ताटावरचं.

खर्ड्याचं नाव आपल्याला लढाईमुळं माहीत आहे. ११ मार्च १७९५ ला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तो खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला आणि कोंडी झाल्यावर त्याला तह करावा लागला. मार्च म्हणजे शाळूच्या काढणी-मळणीचे दिवस. पंचक्रोशीतली खळी तेव्हा कशी रिकामी झाली असतील, हा प्रश्न मला कुठल्याही तोफेपेक्षा जास्त छळतो.

आज ताट बदलतंय. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. पण रेशनच्या दुकानातून मिळतो तो बहुतेक गहू आणि तांदूळ. मग दिवसभर रोजंदारी करून आलेली बाई चपाती लाटते किंवा भात टाकते, यात तिची चूक काय? शाळू हातानं उपटावा लागतो, त्याला मजूर मिळत नाहीत, पाखरं राखावी लागतात. म्हणून पेरा आटला आणि बाजारात ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. माझं म्हणणं एवढंच की अन्नसुरक्षा कायद्यातच भरडधान्य १ रुपया किलोनं देण्याची तरतूद होती. ज्वारी रेशनवर नियमित आली असती, तर ती रोजच्या परातीत राहिली असती.

दसऱ्या-दिवाळीनंतर या भागातले कोयते, म्हणजे तोडणी मजुरांची जोडपी, ऊसतोडीला जातात. तिथं कोपीपुढं, गाडी भरून झाल्यावर, अंधारात तीन दगडांची चूल पेटते. दुसऱ्या दिवशी फडात न्यायच्या भाकरीही तेव्हाच थापून होतात, कारण पहाटे वेळ नसतो. गावाकडून आणलेलं पीठ संपलं की जवळच्या दुकानातून गव्हाचं पीठ येतं.

पुढच्या भागात हुलगा आणि माडगं.