डोंगरवाटेवरील मडगार्ड

वेल्सच्या डोंगरांत हिवाळा म्हणजे पाऊस आणि चिखल. अशा वाटेनें सायकलीवरून जाणाऱ्यास मडगार्ड ही केवळ वस्त्ररक्षणाची सोय नव्हे, असें आम्हांस वाटतें. सन २००८ च्या जुलैंत तेथील बिल्थ वेल्सच्या सायकल-शर्यतींत, बहुधा मेंढरांच्या लेंड्यांनीं दूषित झालेला चिखल तोंडांत जाऊन अनेक स्पर्धक अतिसारानें आजारी पडले. म्हणून प्रथम विचार पुढच्या चाकाचा करावा. डोळ्यांत व तोंडांत चिखल उडतो तो त्याच्याच योगें. मागचें चाक पाठ भिजवितें, इतकेंच. मडगार्ड टायरहून रुंद असावें. दोहोंमध्यें पुरेसें अंतर ठेवावें. नाहीं तर तुंबलेला चिखल चाकच अडवितो. मुलगा परदेशीं सायकल घेत असेल, तर वडील मंडळींनीं रंगाआधीं हेंच विचारावें.