पवनाकाठचा हिशेब

लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत पवना उगम पावते. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांच्या पहाऱ्यातल्या खोऱ्यात 1972 साली पुरं झालेलं धरण तिला अडवतं. तिथून सुटली की मावळातल्या भातखाचरांना वळसे घालत ती पिंपरी-चिंचवडकडे निघते आणि दापोडीला मुळेत मिसळते. तिथे पोहोचायच्या आधी तिच्या काठावर पिंपळे सौदागर लागतं. आज तिथे उंच इमारती आहेत, आयटीतली माणसं आहेत, संध्याकाळी रस्ता ओलांडणं अवघड होतं. शंभर वर्षांपूर्वी हे नदीकाठचं लहानसं शेतकरी गाव होतं, आणि शेतकरी कुटुंबाचं पोट कशावर भरतं हे आपल्याकडे घरोघरी जाऊन मोजायला ज्या काही गावांपासून सुरुवात झाली, त्यांत त्याचं नाव फार वरचं आहे.

मोजणारे होते डॉ. हॅरल्ड मान. मूळचे रसायनशास्त्रज्ञ. 1907 साली ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इंग्लंडमध्ये सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातल्या गरिबीचा अभ्यास 1901 साली प्रसिद्ध केला होता. कुटुंबाला जगायला किमान किती लागतं, हे आधी ठरवायचं आणि मग प्रत्येक घराची कमाई त्या मापाशी ताडून पाहायची, ही त्यांची रीत. मान यांनी ती आधी बेडफर्डशरमधल्या रिजमंट या इंग्रजी खेड्याला लावली होती. पुण्यात आल्यावर ना. वि. कानिटकर आणि इतर सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी तेच काम पिंपळे सौदागरात केलं. ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे पुस्तक 1917 साली निघालं.

जमिनीचं त्यांनी जे मांडलं ते पुढे पाठ्यपुस्तकांत गेलं. 1771 साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1818 साली साडेसतरा एकर उरली आणि 1914-15 साली अवघी सात. पण मला त्या पुस्तकातला जास्त मोलाचा भाग वाटतो तो घरांचा ताळेबंद. 103 कुटुंबांचा जमाखर्च तपासला, तेव्हा केवळ शेतीवर नीट भागत होतं अशी घरं निघाली आठ. आणखी 28 घरांचं भागत होतं, कारण घरातलं कोणीतरी बाहेर जाऊन मजुरी करत होतं. उरलेल्या 67 घरांत शेत आणि बाहेरची कमाई मिळूनही खर्चाची तोंडमिळवणी होत नव्हती. शेतकऱ्याचं घर शेतावर चालतं हा आपला जुना समज. 103 पैकी आठ घरांत तो खरा ठरला.

पुढच्याच वर्षी, 1918 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला आणि त्यात पिंपळे सौदागरच्या या आकड्यांचा आधार घेतला. तुकडे जोडून रोग बरा होणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं आहेत, शेतीत भांडवल नाही, तेव्हा माणसांना दुसरं काम हवं, म्हणजे उद्योग हवेत. पुढे बाबासाहेबांनी आमच्या मावळात, तळेगाव दाभाड्याला घर केलं. त्या बाजूला गेलं की मला त्यांचा तो निबंध आठवतो, कारण त्यांनी सांगितलेला उपाय मावळाइतका दणक्यात फार थोड्या तालुक्यांत झाला असेल.

सुरुवात तर निबंधाच्याही आधीची. पैशापैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावात 1908 साली सुरू झाला. 1911 साली टाटांनी लोणावळ्याला धरणाच्या कामाचा पाया घातला. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथलं पाणी खाली खोपोलीत सोडून 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. 1978 साली पुणे-लोणावळा लोकल आली, 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, तळेगाव-चाकणची औद्योगिक वसाहत वाढत गेली, पॉलिहाऊसमधले गुलाब परदेशी जाऊ लागले. इतकं होऊनही मावळच्या घरांचा मान यांच्यासारखा, घर-दर-घर ताळेबंद कुणी मांडला तर तो काय निघेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

म्हणून गेल्या जुलैत, लावणीच्या दिवसांत, कामशेतच्या बाजूच्या एका ओळखीच्या घरी मी वही घेऊन दिवसभर बसलो. घरात सासू, नवरा-बायको, तळेगावच्या बाजूला कंपनीत कंत्राटी लागलेला मुलगा आणि शाळेत जाणारी मुलगी. शेत दोन ठिकाणी मिळून एकरभर, त्यात इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली आलेल्या या वाणानं इथल्या घरांना चवीचा आणि भावाचा मोठा आधार दिला आहे. पण एकरभरातला भात घरात खायलाच संपतो. किराणा येतो तो बायकोच्या, म्हणजे ताईंच्या, पगारातून. त्या एका बंगल्यावर झाडलोट करतात. गाडीचा हप्ता आणि मुलीची फी मुलाच्या पगारातून. थोडक्यात, मान यांच्या दुसऱ्या गटातलं घर. मुलाचं कंत्राट संपलं तर तिसऱ्या गटात जाईल.

मी माणशी कमाई लिहीत होतो तेव्हा ताईंच्या नावापुढे नवऱ्यानं ‘घरकाम’ सांगितलं. बंगल्याचा पगार त्याच्या लेखी ‘थोडंफार वरचं’. मला या गोष्टीचा राग आला असता, पण हा दोष त्या एका माणसाचा नाही. अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदी चाळताना क्लॉडिया गोल्डिन यांना हेच दिसलं होतं. शेतात, घरच्या धंद्यात राबणाऱ्या बाईच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘पत्नी’ एवढंच लिहिलेलं. त्या नोंदी दुरुस्त करून त्यांनी दाखवलं की समाज शेतीकडून कारखान्यांकडे जातो तेव्हा लग्न झालेल्या बायकांचं कमावतं काम आधी घटतं आणि बऱ्याच काळानं पुन्हा वाढतं. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मावळात जमीन विकली की नेमकं हेच होताना मी पाहिलंय. पुरुषाला काहीतरी काम सापडतं, निदान शोधता तरी येतं. बाईचं खाचर गेलं की तिच्या हातचं कामच गेलं, आणि कंपनीच्या गेटवर तिच्यासाठी कोणी उभं नसतं. उरतं ते बंगल्याचं झाडणं, हॉटेलातली भांडी, लोणावळ्यात चिक्कीच्या पुड्या भरणं, पॉलिहाऊसमध्ये फुलं निवडून बांधणं.

बाईचं काम मोजलं की धोरण कसं बदलतं, याचं उदाहरण मात्र महाराष्ट्राकडेच आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रह धरलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर आली. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागेल त्याला काम, आणि त्याचा खर्च मुख्यतः शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवरच्या व्यवसाय करातून. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली ‘पॉव्हर्टी इन इंडिया’मध्ये गरिबीवरचा उपाय म्हणून ग्रामीण सार्वजनिक कामांचीच बाजू मांडली होती. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, खडी फोडणं, अशी ती कामं.

योजना पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून आखली गेली असावी, पण कामावर लोटल्या त्या बायका. गोखले संस्थेतल्याच कुमुदिनी दांडेकर यांनी त्या बायकांचा अभ्यास केला आणि 1983 साली तो पुस्तकरूपानं आला. त्यांच्यासाठी ही योजना काय होती, हे त्यांनी कामाच्या जागी जाऊन विचारलं. काम गावाजवळ, मजुरी मोजमापावर, म्हणजे खणलेल्या मातीला दर, मग खणणारा हात कुणाचाही असो. सोबत लहान मूल असलं तर कामावर पाळणाघराची तरतूद. आणि हजेरीपटावर तिचं स्वतःचं नाव. मला वाटतं, महाराष्ट्रातल्या लाखो बायकांच्या कामाची पहिली सरकारी नोंद त्या मस्टरवर झाली. 1988 साली मजुरीचे दर जवळपास दुप्पट झाले आणि नंतर कामावरची हजेरी घसरली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी 1993 साली दाखवलं की लोकांना काम नको होतं म्हणून ही घसरण झाली नव्हती. मागणीइतकी कामं काढली जात नव्हती. हमीचा अर्थ कायद्यात एक आणि तहसीलात दुसरा होऊ नये, हा त्यातला धडा 2005 च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यालाही लागू होता.

इथवर हिशेब पैशांचा झाला. बाईच्या श्रमाची किंमत तिच्या शरीरात आणि पोटातल्या बाळात कशी वसूल होते, हे पाहिलं ते पुण्याच्याच डॉक्टरांनी. 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या शेतकरी घरातल्या बायका. गरोदर राहण्याआधी त्यांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास. त्यांची बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोच्या आतबाहेर भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी दिसत, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र टिकून होतं आणि स्नायू कमी होते. पुढे याच शरीरात मधुमेह लवकर येतो, हे याज्ञिकांचं सूत्र आज जगभर ओळखलं जातं.

याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी दोन गोष्टी मोजल्या. पहिली ताटाची: ज्यांच्या आहारात पालेभाजी, दूध, फळं होती त्यांची बाळं बरी भरली. दुसरी कामाची. गरोदरपणात शेतात किती वेळ, विहिरीवरून पाणी किती वेळा, धुणं किती, हे सगळं विचारून त्याला गुण दिले. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आणि मधल्या महिन्यांत ज्यांचं काम जास्त होतं, त्यांच्या बाळांचं वजन सरासरीनं कमी निघालं. पाणी भरणं आणि धुणं यांसारख्या कामांचा संबंध वेगळा काढूनही दिसला. 2003 साली हा निबंध आला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या आईची आठवण झाली. सातव्या महिन्यापर्यंत कमरेवर घागर घेऊन ओढ्यावर जात होते, हे ती अभिमानानं सांगायची.

हा निबंध अर्थशास्त्राच्या कपाटात सापडणार नाही, तो आहारशास्त्राच्या कपाटात आहे. पण कुटुंबाच्या अर्थकारणावर मी वाचलेल्या महत्त्वाच्या लेखनात मी तो धरतो. पैसा आणि वेळ या दोन वेगळ्या टंचाया आहेत, आणि घरात पैसा आला म्हणून बाईची वेळेची टंचाई आपोआप मिटत नाही, हे त्यातून कळतं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये 2024 पासून बाईच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले, याचं मला मनापासून मोल वाटतं. ज्या घरी मी बसलो होतो तिथे त्यातून सासूची औषधं येतात. पण त्या पैशांनी घरातला नळ रोज येत नाही, लावणीच्या दिवसांत शेताजवळ पाळणाघर उभं राहत नाही, गरोदर सुनेची एक फेरी वाचत नाही. मावळसाठी मला काही मागता आलं तर मी आधी नळ आणि पाळणाघर मागेन.

पाण्याचं तर इथे दुःखच आहे. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. धरणात जमिनी गेलेल्या घरांचा पुनर्वसनाचा झगडा पिढ्यान्पिढ्या चालला. पवनेवरून थेट बंद जलवाहिनी नेण्याच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघे गेले. त्यांतली एक बाई होती. शहराला पाणी हवं, यात शंका नाही. पण ज्या खोऱ्यातून ते जातं तिथल्या बायकांना हंड्याची फेरी किती मिनिटांची पडते, हा आकडा कुठल्याही योजनेच्या पहिल्या पानावर असायला हवा होता.

त्या दिवशीचा वहीतला हिशेब असा होता. साडेचारला उठणं, पाणी, गोठा, धार, चहा, भाकऱ्या: साडेसहापर्यंत. ताई घड्याळ बघत नाहीत, लोकलच्या आवाजावर त्यांचं चालतं. पहिली गाडी गेली की तवा ठेवायचा. सात ते नऊ बंगला. साडेनऊ ते एक लावणी. आवणाच्या मुठी डाव्या हातात, उजव्या हाताची बोटं चिखलात, पाठीवर इरल्याच्या जागी आता प्लास्टिकचा कागद, आणि दोन रोपांमधलं अंतर बघावं लागू नये इतका सवयीचा हात. एक वाजता सगळ्यांना वाढून जेवण. दोन ते सहा पुन्हा खाचर. साडेसहा ते साडेनऊ धार, स्वयंपाक, भांडी, मुलीचा अभ्यास. घरचे पाच तास, बंगल्याचे दोन, शेतातले साडेसात. बेरीज साडेचौदा.

मी ती त्यांना वाचून दाखवली. भांडी पुसता पुसता त्यांनी नीट ऐकली आणि म्हणाल्या, “भाऊ, बंगल्यावर जाण्यायेण्याचं कुठं धरलंय? तो डोंगर तुमचा बंगलेवाला उतरून येतो होय?” साडेसहा ते सात आणि नऊ ते साडेनऊ, या दोन अर्ध्या तासांच्या जागा मी कोऱ्या ठेवल्या होत्या. तिथे ‘चढ-उतार’ लिहिलं आणि बेरीज खोडून साडेपंधरा केली.